सातबाऱ्यावर नाव, चुलवाणात जाळ

हक्कसोडपत्राचा मसुदा मला व्हॉट्सॲपवर आला तेव्हा मी मस्कतला, रुवीतल्या एका दुकानात भाजी निवडत होते. वडील जाऊन पाच महिने झाले होते. २०२० च्या त्या दिवसांत विमानं बंद होती, त्यांचं शेवटचं दर्शन मला फोनवरच घ्यावं लागलं. मसुदा थोरल्या चुलत्यांनी, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, पाठवला होता. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. आमच्याकडं रीतच आहे तशी. बाप गेला की लेकींनी जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या सह्या करायच्या, भावानं साडीचोळी करायची आणि माहेर तुटू द्यायचं नाही. आईनं तिच्या माहेरी सही केली, दोन्ही आत्यांनी आमच्याकडं केली.

मी केली नाही. दोन दिवस विचार केला आणि पुण्याला भावाला फोन लावला. म्हटलं, मला जमीन विकायची नाही, भांडायचंही नाही, मला ती कसायची आहे. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तू खरंच येणार असशील तर माझाही वाटा तूच कर." त्या एका वाक्यावर आम्ही सोळा वर्षांचा संसार मस्कतमधून हलवायचं ठरवलं. नवरा कोल्हापूर शहरातला, मंगळवार पेठेतला. त्याच्या घरात कुणी कधी नांगर धरलेला नाही. पण मस्कतच्या नोकरीत पन्नाशीनंतर काय, हा प्रश्न त्यालाही रात्री जागवत होताच. मुलगा अकरा वर्षांचा, शाळा बदलायची तर आत्ताच बदलायला हवी होती.

आमचं गाव भोगावतीच्या काठाला, करवीर तालुक्यात. वर राधानगरीचं धरण, शाहू महाराजांनी १९०७ च्या सुमारास काम सुरू केलेलं. त्या पाण्यावर आमच्या चार पिढ्या ऊस करत आल्या. वडिलांचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. माणसं मिळेनात म्हणून त्यांनी ते बंद केलं आणि ऊस कारखान्याला घालायला लागले. शेडचे पत्रे, रस आटवायची गंजलेली काहील आणि तिच्याखालचं ढासळलेलं चुलवाण तेवढं मागं राहिलं होतं. सुट्टीत आले की मी त्या शेडमध्ये जाऊन उभी राहायची. जुन्या गुळाचा वास भिंतीतून जात नाही.

आधी कागदांचं सांगते, कारण आमची पहिली दोन वर्षं त्यातच गेली आणि परदेशातून परतणाऱ्या बहुतेकांची तिथंच दमछाक होते.

अनिवासी भारतीयाला इथं शेतजमीन विकत घेता येत नाही, मात्र वारसानं आलेली ठेवता येते. हे मला कळल्यावर बरं वाटलं, की निदान माझा मार्ग सरळ आहे. तो सरळ नव्हता. मी मस्कतमध्ये असल्यानं भावाच्या नावे मुखत्यारपत्र करायचं होतं. ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून घेतलं आणि कुरिअरनं पाठवलं. भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. लॉकडाऊनमध्ये ते पाकीट पुण्यात कपाटात पडून राहिलं आणि मुदत टळली. मग नवं मुखत्यारपत्र, पुन्हा दूतावासाची वेळ, पुन्हा कुरिअर. परदेशातून कागद करणाऱ्या प्रत्येकाला मी आता पहिली हीच गोष्ट सांगते.

वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडं गेला. मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, मग फेरफार, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस, शेवटी मंडल अधिकाऱ्यांची मंजुरी. आईचं, भावाचं आणि माझं नाव लागलं. पण सातबारा काढून बघितला तर तो अजून सामाईक! आप्पा आणि वडील यांच्यात तीस वर्षांपूर्वी झालेलं वाटप तोंडी होतं. बांध घातले, विहिरीच्या पाळ्या ठरवल्या, कागद केलाच नाही. आणि त्याच सातबाऱ्यावर थोरल्या आत्याचं नावही होतं. धाकट्या आत्याच्या हक्कसोडीची नोंद सापडली. थोरलीनं सही केल्याचं सगळे सांगत होते, पण तो दस्त ना घरात होता, ना फेरफारात.

म्हणजे आता कायदेशीर वाटप करायचं तर आप्पा, आम्ही तिघं आणि आत्या अशा सगळ्यांची संमती हवी होती. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांपुढं संमतीनं वाटप होतं, कोर्टात जावं लागत नाही. पण संमती म्हणजे संमती. एकानं नाही म्हटलं तरी सगळं थांबतं.

२०२१ च्या डिसेंबरात मी रजा काढून आले आणि आत्याला भेटायला आजऱ्याला गेले. ती तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. भाकऱ्या थापत होती, मला बघून हात तसेच पिठात ठेवून म्हणाली, "कवा आलीस गं? बस, आधी जेव." जेवण झाल्यावर मी विषय काढला. कागद दाखवला, तिचं नाव कुठं आहे ते बोटानं दाखवलं. तिनं चष्मा लावून ते नाव बराच वेळ वाचलं. मग म्हणाली, "अजून हाय व्हय माझं नाव? मला वाटलं, कवाच पुसलं असंल."

मी तिला स्पष्ट सांगितलं की आत्या, हा तुझा हक्क आहे, सही करायची तुझ्यावर सक्ती नाही, तुझा वाटा वेगळा काढून घ्यायचा असेल तर तसंच वाटप करू. ती म्हणाली, "त्या वेळेला मला कुणी विचारलं न्हाई. अंगठा कुठं द्यायचा तेवढं सांगितलं. मी सातवी शिकलेली, सही येत होती मला." पुढं पुष्कळ वेळ ती बोललीच नाही. चुलीतली लाकडं मागं ओढली, भाकरीचं फडकं घडी घातलं. मग म्हणाली, "तुझ्यासाठी करते. आप्पासाठी न्हाई, तुझ्यासाठी. पण गुऱ्हाळ सुरू झालं की मला पहिली काकवी आणून द्यायची." ती पुढच्या महिन्यात स्वतः एसटीनं कोल्हापूरला आली, दुय्यम निबंधकांपुढं बसली आणि मोठ्या अक्षरांत, रेष न सोडता, पूर्ण नाव लिहून सही केली. मी तेव्हा परत मस्कतला गेले होते. भावानं पाठवलेला सहीचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

वाटपात आईला, भावाला आणि मला मिळून दोन एकर तीस गुंठे आले. पोटहिस्स्याची मोजणी भूमी अभिलेखकडून करून घेतली. गुऱ्हाळाच्या शेडपर्यंत जायची वाट आप्पांच्या वाट्यातून जात होती आणि त्यावरून दोन महिने ताण राहिला. तहसीलदारांकडं रस्त्यासाठी अर्ज करता येतो, वकिलांनी तो तयारही करून दिला होता. आई म्हणाली, अर्ज टाकू नको, मी बोलते. ती आणि काकू दोघी एका संध्याकाळी विहिरीवर बसल्या आणि बांधाच्या कडेनं दहा फुटांची वाट ठरली, आमच्याकडची तेवढीच पट्टी खालच्या अंगाला त्यांना देऊन. या वेळी मात्र मी ती कागदावर आणली. आप्पांना ते आधी लागलं. मी त्यांना म्हटलं, "आप्पा, तुमच्या-माझ्यासाठी न्हाई, आपल्या पोरांसाठी." त्यांनी सही केली.

२०२२ च्या जूनमध्ये आम्ही कायमचे आलो.

बँकेचं थोडक्यात सांगते. परत आल्यावर आपण रहिवासी झालो हे बँकेला आपणच कळवायचं असतं, अनिवासींचं एनआरई खातं निवासी करून घ्यायचं असतं. परकी चलनातले पैसे तसेच ठेवायचे असतील तर आरएफसी खातं मिळतं. आम्ही हे लांबणीवर टाकलं आणि त्याचा फटका कर्जाच्या वेळी बसला. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत, पीएमएफएमईत, प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान होतं आणि कोल्हापूर जिल्ह्याचं त्यातलं उत्पादन गूळच होतं. प्रकल्प अहवाल चौदा लाखांचा झाला. योजनेच्या मार्गदर्शकानं, जिल्हा संसाधन व्यक्तीनं, तो मनापासून करून दिला. पण बँकेच्या नोंदीत मी अजून अनिवासी होते. एका शाखेत अर्ज चार महिने टेबलावर पडून राहिला, कारण कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या शाखेत गेले तेव्हा तिथल्या बाईंनी पाच मिनिटांत सांगितलं, "आधी केवायसी बदला, मग या." कर्ज झालं. अनुदान लगेच हातात पडत नाही, ते तीन वर्षं कर्जखात्याशी बांधलेलं राहतं, हे गणित धरूनच उतरावं.

तोवर पहिला हंगाम आला. आमच्या शेतात ८६०३२ या जातीच्या उसाचा खोडवा, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेलं पीक, उभा होता. आप्पांचं म्हणणं साधं होतं: कारखान्याला घाल, टोळी येते, तोडून नेते, सरकारनं ठरवलेल्या दरानं एफआरपी खात्यावर जमा होते, तुला कशाला तो धूर? त्यांचं चूक नव्हतं. गावातली बहुतेक घरं त्यावरच चालतात. पण मला वडिलांचा गूळ परत करायचा होता, आणि मस्कतमध्ये मी सोळा वर्षं जो पिवळाधमक गूळ विकत घेतला त्याची चव मला कधीच आपली वाटली नव्हती.

आमचं चुलवाण तयार नव्हतं म्हणून शेजारच्या गावातल्या गुऱ्हाळावर आदणाच्या, म्हणजे एका काहिलीभर रसाच्या, भाड्यानं ऊस नेला. एका आदणाला साधारण दोन टन ऊस, अडीच-तीन तास आणि दोनशे-सव्वादोनशे किलो गूळ. मी गूळ शिजवणाऱ्या गुळव्यांना आधीच सांगितलं होतं की पावडर घालायची नाही. पावडर म्हणजे हायड्रोस, गंधकाचं एक रसायन. चिमूट-चिमूट टाकली की उकळता रस उजळतो आणि गूळ पिवळा होतो. अन्नसुरक्षेच्या नियमात गुळातल्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ७० पीपीएम आहे, पण घाईच्या रात्री चिमूट कोण मोजतं? तिसऱ्या आदणाला मी पहाटे तिथं पोहोचले तर निवायच्या वाफ्यात पडलेला गूळ सोन्यासारखा चमकत होता. मला बघताच कळलं. गुळवेमामांनी लपवलं नाही. म्हणाले, "ताई, काळा माल बाजारात उभा करायची मला लाज वाटली. तुमचं नुकसान हुईल म्हणून टाकली." चाळीस वर्षं ज्या हातांची ओळखच पिवळ्या गुळानं झाली, त्यांना मी एका दिवसात सांगत होते की रंग नको. चूक माझीही होती. मी हुकूम दिला होता, समजावलं नव्हतं.

त्या दिवशी काम थांबवून आम्ही दोघं चिपाडाच्या ढिगाजवळ बसलो. मी त्यांना वडिलांच्या काळचं विचारलं. ते म्हणाले, तुमच्या बापाच्या चुलवाणावर मीच पोरगा असताना जाळ घालायचो. मला हे माहीतच नव्हतं! तेव्हा फक्त भेंडी आणि चुना होता. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात चोळायची, ते बुळबुळीत पाणी तापत्या रसात सोडायचं, की सगळी मळी साय धरल्यासारखी वर येते. ती घाई न करता काढली तर गूळ आपोआप स्वच्छ होतो. "भेंडीला येळ लागतो ताई. पावडरीला लागत न्हाई, म्हणून भेंडी गेली." मी म्हटलं, वेळेची मजुरी मी देते. आदणामागं त्यांची मजुरी वाढवली आणि पुढची सगळी आदणं भेंडीवर झाली.

तो गूळ शाहू मार्केट यार्डात नेला. कोल्हापूरच्या गुळाची पेठ जुनी. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठीच. आजही यार्डातला बराच माल गुजरातला जातो. सौद्याला व्यापारी आले, गुळाच्या रव्यावर हात फिरवला, एक कोपरा फोडला, रंग बघितला आणि पुढं गेले. शेवटी निघाला तो भाव शेजारच्या पिवळ्या गुळापेक्षा क्विंटलमागं चारशे रुपयांनी कमी. अडत, हमाली, तोलाई वजा करून घरी आले तेव्हा नवऱ्यानं काही विचारलं नाही, चहा ठेवला. व्यापाऱ्याला दोष देता येत नाही, त्याच्या गिऱ्हाइकाला पिवळाच लागतो. पण मला त्या रात्री झोप आली नाही. बाजार रंगाला पैसे देतो आणि आम्ही चवीसाठी खर्च करतोय, मग माल जाणार कुठं?

उत्तर मस्कतमधून आलं. तिथल्या मैत्रिणींना मी पाच-पाच किलो पाठवला होता. त्यांच्या पुण्यामुंबईतल्या नातेवाइकांनी मागितला, त्यांच्या शेजाऱ्यांनी मागितला. तिसऱ्या महिन्यात आम्ही एक किलोच्या ढेपा करायला लागलो. त्यासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी घेतली, लघुउद्योगासाठीची उद्यम नोंदणी घेतली, ती ऑनलाइन आणि मोफत असते. छापील वेष्टनातल्या गुळावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या गुळावर नाही, हे सीएनं आधी सांगितलं ते बरं झालं. त्यानं आणखी एक समजावलं: ऊस विकला तर ते शेतीचं उत्पन्न, त्याचा गूळ करून विकला तर उसाच्या बाजारभावापुरतंच शेतीचं आणि वरचं धंद्याचं. हिशोब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवले.

दुसरा फटका २०२३ च्या पावसाळ्यात बसला. मागणी येईल म्हणून तीन क्विंटल ढेपा घरातल्या कोठीत ठेवल्या होत्या. जुलैत आमच्याकडं भिंतीला हात लावला तर ओला होतो. गुळानं ती सगळी ओल ओढून घेतली. ढेपा घामेजल्या, मग पाझरल्या, खोक्यांच्या तळाला रस साचला. आई रोज सकाळी एक-एक ढेप फडक्यानं पुसत होती आणि ती पुन्हा ओली होत होती. शेवटी तो माल एका चिक्कीवाल्याला पडत्या भावानं दिला. तेव्हापासून मेअखेर जेवढा विकला जाईल तेवढाच गूळ धरतो, राहिलेला ऊस कारखान्याला. आप्पांना मी जाऊन सांगितलं की तुमचं अर्धं बरोबर होतं. ते समाधानानं हसले.

पूर्वहंगामी लागण मात्र आम्ही ९२००५ ची केली. गुळासाठी ही जात चांगली, असं कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्रातल्या लोकांनी सुचवलं होतं. २०२४ च्या जानेवारीत ती तोडीला आली आणि त्याच महिन्यात आमचं स्वतःचं चुलवाण पेटलं. जुनी काहील टाकून स्टेनलेस स्टीलची घेतली, शेड तीच ठेवली. गुळवेमामा त्यांच्या माणसांसकट आमच्याकडं आले. जाळ घालायला त्यांनी स्वतःचा नातू बसवला.

पहिल्या आदणाच्या आदल्या संध्याकाळी मी आजऱ्याला गाडी पाठवली. आत्याला यायचं होतं की नाही हे मला नक्की माहीत नव्हतं, काकवी घरी पोहोचवायचं मी कबूल केलं होतं. ती आली. काठी टेकत शेडमध्ये शिरली, भिंतीला हात लावला आणि चुलवाणाच्या तोंडापासून बेताच्या अंतरावर, माहीत असल्यासारखी, एका दगडावर बसली. म्हणाली, "हितंच बसायचो आम्ही दोघी भैणी. बा हाकलायचा, तरी बसायचो."

रस तापला, भेंडीचं पाणी पडलं, मळी वर आली. मामांनी झाऱ्यानं ती कडेकडेनं गोळा करून काढली, तीन वेळा. फेस पांढऱ्याचा तांबूस झाला, बुडबुडे मोठे झाले आणि जड आवाजात फुटायला लागले. थर्मामीटर १०५ वर गेला तसं मी मामांकडं बघितलं. काकवी तिथंच काढायची असते, गुळाचा पाक ११८ च्या पुढं होतो. ते आकड्याकडं बघतच नव्हते. त्यांनी झारा उचलून धार सोडली, धार बघितली आणि मान हलवली. मी पितळेच्या तांब्यात काकवी काढून घेतली.

पाक झाल्यावर त्यांनी थेंब थंड पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळली आणि काहिलीच्या कडेवर मारली. टण्ण आवाज आला. "उतरवा!" साखळी ओढली गेली, काहील कलली, वाफ्यात तो तांबडा-तपकिरी लोट पसरला आणि शेड वाफेनं भरून गेली.

आत्यानं काकवी निवायची वाट बघितली नाही. तळहातावर थेंब घेतला, फुंकला आणि चाटला. आप्पा बांधावरून आत आले होते, दारातच उभे होते. तिनं त्यांना हाक मारली, "ये की रे, बस हितं," आणि तांब्या त्यांच्याकडं सरकवला.